बर्फ जाडी सेंटिमीटर

राहे, ४ मार्च

प्रिय इर्मेली,

पाकीट एवढं जाड बघून घाबरू नकोस. आत कसली कागदपत्रं नाहीत, मीच आहे. अक्षर मोठं काढलंय, त्यामुळे पानावर सहा-सातच ओळी मावतात, आणि त्याही सरळ जात नाहीत. हसायचं असेल तर पोटभर हसून घे, नऊ वर्षांनी लिहितेय तर तेवढा तुझा हक्कच आहे. पत्ता योर्माकडून घेतला. तू त्याला दर नाताळात कार्ड पाठवतेस हे मला या जानेवारीत कळलं. मी म्हटलं, "अरे, मला कधी बोलला नाहीस?" तर खिडकीबाहेर बघत म्हणतो, "तू विचारलं नाहीस." असा आहे तो. तुझ्या भावाचा, आइमोचा, ट्रॅक्टर आता तोच चालवतो, बेटापर्यंतचा बर्फावरचा रस्ता तोच साफ ठेवतो, आणि अजूनही दोन वाक्यांच्या मध्ये एवढा थांबतो की कॉफी गार होते. ईमेल का नाही केलं असं तुझ्या मनात येईल. ईमेल म्हटलं की मला त्या नोव्हेंबरातलं माझं ईमेल आठवतं. तुलाही आठवत असेल. म्हणून कागद.

या हिवाळ्यात बर्फ झकास धरलाय. एकोणीस जानेवारीला रस्ता उघडला, अजून बंद नाही. शाळेच्या मागच्या बेकरीतल्या वेलचीच्या पावाला पूर्वीची चव राहिली नाही, पण मी मुकाट्याने खाते. आणि आपल्या त्या बर्फाच्या सॉफ्टवेअरची, आवान्तोची, चौथी आवृत्ती निघतेय. "आपल्या" म्हटलं म्हणून रागावू नकोस. तू सोडून गेलीस तरी ती तुझीच आहे, ते मी या पत्रात पुढे कबूल करणारच आहे, जरा दम धर. पंधरा मार्चला, शनिवारी, वार्षिक बैठक आहे, आणि त्यात एकच गोष्ट ठरायचीय: नावं. कोडच्या त्या लायब्ररीतल्या सगळ्या फंक्शनांची, सगळ्या मापांची नावं एका नियमाने कशी ठेवायची. होय बाई, तीच कटकट. त्या बैठकीच्या आधी मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय.

तुझं स्वयंपाकघर परवा सहज डोळ्यांसमोर आलं. सॅल्मनच्या सूपाचं पातेलं मधोमध, आणि दोन्ही बाजूंना आपले संगणक, माझ्या कीबोर्डवर तुझ्या राईच्या पावाचा चुरा. गावोगावचे लोक बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात, तो आकडा आपल्याकडे आला की आपला कोड सांगणार, आज गाडी सोडायची, की फक्त पायी माणसं, की कुणीच नाही. भोकाला म्हणतात आवान्तो, म्हणून लायब्ररीचं नावही आवान्तो. ते एकच नाव आपण न भांडता ठेवलं. पुढच्या प्रत्येक नावावर तू एक तर मी दुसरं. तुझा नियम होता: आधी वस्तू, मग तिचं काय मोजलं, शेवटी कशात मोजलं, आणि सगळे शब्द पुरते. बर्फ_जाडी_सेंटिमीटर. मी म्हणायची, "अगं, कोड लिहितोय की वरात काढतोय?" माझी नावं चार अक्षरांची, आखूड, आटोपशीर. तुझ्या त्याच नावाचं मी केलं होतं "बजसम". तू म्हणालीस, "हिल्क्का, तुझी नावं वाचताना ठसका लागतो." मी म्हटलं, "लागू दे, पाणी पी."

आणि तुझी ती टेलिफोनची परीक्षा! ज्याला नवं नाव सुचेल त्याने ते फोनवरून दुसऱ्याला सांगायचं, आणि समोरच्याने पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिलं तरच नाव पास. हे तू आइमोमुळे काढलं होतंस. तो रोज दुपारी एक वाजता बर्फावरून फोन करायचा, मागे ट्रॅक्टरची घरघर आणि वारा. तू त्याच्या केबिनमध्ये आपल्या नावांचा कागद डकवला होतास आणि तो तो कागद अगदी मन लावून वाचायचा: "बर्फ जाडी सेंटिमीटर, बेचाळीस. बर्फावर पाणी सेंटिमीटर, तीन. भाऊ, उपाशी." शेवटचं त्याचं स्वतःचं. मी त्या परीक्षेची टर उडवली. चारचौघांत म्हटलं की आपण अभियंते आहोत, टेलिफोन ऑपरेटर नाही. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, पटलं.

इथेच तर सगळी मेख आहे, इर्मेली. आपल्याकडे बैठकीत कुणी बोललं नाही की ठराव मंजूर. ज्याला हरकत असेल तो खाकरतो, नाहीतर सगळे कपात बघतात आणि चिटणीस लिहून मोकळा होतो. लायब्ररीच्या कामातही आपण तीच रीत घातली होती: ईमेलवर प्रस्ताव टाकायचा, आठवडाभर वाट बघायची, कुणी "हरकत" असं लिहिलं नाही की कामाला लागायचं. चांगली रीत आहे, माझा तिच्यावर अजून राग नाही. माणसं बोलणारी असती तर तिला तोड नव्हती.

त्या नोव्हेंबरात मी प्रस्ताव टाकला की सगळी नावं आखूड करू, एका साच्यातली. कारण लायब्ररीचे दोन तुकडे झाले होते, अर्धी तुझ्या पद्धतीची, अर्धी माझ्या. एकच काम, आकडा आत घ्यायचं, तर एका ठिकाणी त्याला "आण", दुसरीकडे "घे", तिसरीकडे "मिळव". नवीन माणूस बिचारा अंदाजाने दारं ठोठावत फिरायचा. एकच पद्धत हवी हे माझं म्हणणं बरोबर होतं, ते मी आजही सोडत नाही. पण कुणाची पद्धत, हे मी ठरवून टाकलं. हम करे सो कायदा. आठवडा गेला. कुणी खाकरलं नाही. रविवारी सकाळी मी कॉफीचा थर्मास भरून बसले आणि दुपारपर्यंत चारशे बारा नावं बदलली. वर आणखी शहाणपण केलं. नाव बदललं तरी जुनं दोन हिवाळे जिवंत ठेवायचं हा आपलाच नियम: कुणी जुन्या नावाने हाक मारली तरी काम व्हावं, फक्त सोबत एक सूचना दिसावी की बाबा रे, आता नाव बदललंय. मी म्हटलं, कशाला दोन दोन नावं, घर कसं स्वच्छ हवं. आणि तुझी सगळी जुनी नावं त्याच दिवशी काढून टाकली.

तो पूर्ण आठवडा तू ओउलूच्या इस्पितळात आइमोच्या उशाशी बसली होतीस. तो आजारी आहे हे मला माहीत होतं. इतका आहे हे माहीत नव्हतं, कारण तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. तू एकही ईमेल उघडलं नसशील, का उघडशील? आणि मी तुझ्या त्या गप्प राहण्याला "हो" धरलं. आइमो गुरुवारी गेला, नावं मी रविवारी कापली. डिसेंबरात उत्तरेकडच्या तळ्यांवर बर्फ धरला, गावांनी नवी आवृत्ती घेतली, आणि रस्त्यांच्या तोंडाशी असलेले फलक एकेक करून कोरे पडले, कारण त्यांचे प्रोग्रॅम तुझ्या नावांना हाका मारत होते आणि आत कुणी ओ देत नव्हतं. बावीस गावं. चार दिवस माणसं हातात झेंडे घेऊन काठावर उभी राहिली. कुणी बुडलं नाही, देवाची कृपा, माझी नव्हे. मी घाईघाईने दुरुस्ती केली, पण तीही माझ्याच नावांवर. काही आठवड्यांनी अंत्यविधी आटोपून तू परत आलीस आणि एक ओळ लिहिलीस: "काम नीट झालेलं दिसतंय. कोड बदलायची माझी किल्ली मी परत करते." ती ओळ वाचून मी काय म्हटलं असेल सांग? मी म्हटलं, चला, तिलाही मान्य दिसतंय. वसंतात तू घर विकून हांकोला लेकीकडे गेलीस. मी निरोपालाही आले नाही. मूग गिळून बसण्यात तुझा हात धरणारं कुणी नाही, आणि ढिम्म न कळण्यात माझा.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती जरा मोठी आहे. मागच्या उन्हाळ्यात मी कॉफी कपाच्या शेजारी ओतायला लागले. मला वाटलं, धांदरटपणा. मग रस्त्यात योर्मा समोर आला तर टोपी दिसली, खांदे दिसले, आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. मी त्याला म्हटलं, "तोंड धुतलं नाहीस का?" त्याने मुकाट्याने मला गाडीत घातलं आणि ओउलूला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई तरुण, गोड बोलणारी. म्हणाली, नजरेचा मधला भाग जातोय, कडा राहतील. मी विचारलं, "परत येईल?" ती म्हणाली, "नाही." निदान सरळ बोलली, मला आवडली. म्हणून हे अक्षर असं, जाड काळ्या पेनाने, मान वाकडी करून. एक पान लिहायला पाऊण तास लागतो. दया दाखवू नकोस हं, मला चालणार नाही. मी स्वयंपाक करते, चालते, सौनाची भट्टी पेटवते, फक्त जे बघायचं तेच नेमकं दिसत नाही. आपला दोघींचा तो पहिल्या फलकाशेजारचा फोटो आहे ना, त्यात मला फलक दिसतो, तुझे बूट दिसतात. तू दिसत नाहीस.

कोड सोडणार नव्हते, ते तर तुला माहीतच आहे. लायब्ररीचं काम आता वेन्ला बघते, पस्तिशीची, कुओपिओची, जिभेला हाड नाही. तिने मला पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवून दिला. म्हणाली, "हिल्क्काताई, डोळ्यांनी नाही तर कानांनी वाचा." मी मोठ्या ऐटीत कान लावून बसले, माझाच कोड, माझी चारशे बारा नावं. काय सांगू तुला. बजसम. बपसम. रडतप. तझबम. यंत्र बिचारं जीव तोडून वाचत होतं आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. कुठलं जाडीचं, कुठलं पाण्याचं, कुठलं वजनाचं? डोळ्यांना जे आटोपशीर वाटायचं ते कानात नुसती खडखड. मी ओरडले त्याच्यावर, मग स्वतःवर. मग हेडफोन काढून टेबलावर आपटले आणि रडले, खोटं कशाला बोलू. कामातून गेले असं वाटलं. म्हटलं, भोग आता, तुझ्याच हाताची फळं आहेत. दोन दिवस मी संगणकाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी वेन्लाचा फोन आला की जुन्या चाचण्यांच्या कप्प्यात काहीतरी अडलंय, तेवढं ऐकून सांगा. तो कप्पा तूच लिहिलेला. त्याला नऊ वर्षांत कुणी हात लावला नव्हता, त्या रविवारी मीही विसरले होते. मी फाइल उघडली आणि यंत्र स्वच्छ, सावकाश बोललं: "बर्फ जाडी सेंटिमीटर." आणि त्याच्या पुढे, चाचणीचा आकडा म्हणून तू घातलेला, "बेचाळीस". मग "बर्फावर पाणी सेंटिमीटर, तीन". अगं, मला सगळं दिसलं! मी न थांबता ती पूर्ण फाइल ऐकली, एकदाही मागे जावं लागलं नाही. आणि शेवटी, इर्मेली, शेवटी तुझी ती टीप होती, ती यंत्राने त्याच कोऱ्या सुरात वाचली: "भाऊ, उपाशी." मी हसले आणि मग मला हसणं थांबवता येईना आणि मग ते हसणं राहिलं नाही. आइमो जाऊन नऊ वर्षं झाली. त्याची ती नावं होती. ती त्याच्या तोंडातली होती, तू त्याच्यासाठी घडवलेली, आणि मी त्याला माती देण्याआधी ती कापून काढली. हे मला त्या दुपारी कळलं. एवढा वेळ लागला. योर्माला सांगितलं तर तो म्हणाला, "तो कागद अजून केबिनमध्ये आहे. मी काढला नाही."

मी वेन्लाला सगळं सांगितलं, माझी चूक, तुझी टेलिफोनची परीक्षा, सगळं. ती उडालीच. तिच्याकडेही रोज नवीन लोकांची तक्रार असते की तुमची नावं म्हणजे घशात अडकलेला काटा. एस्टोनियातला एक जण तर म्हणतो, तुमच्या लायब्ररीसाठी आधी वेगळा शब्दकोश लागतो. आता एकशे चाळीस गावं आहेत आपल्यावर. वेन्लाने आठ दिवसांत तुझ्या नियमाने सगळ्या नावांची यादी तयार केली: आधी वस्तू, मग माप, शेवटी एकक, आकडा आत घ्यायचा तर सगळीकडे "आण", दुसरं क्रियापद नाही, माझी नावं दोन हिवाळे जिवंत, मगच निरोप. आणि टाकला प्रस्ताव ईमेलवर. आठवड्यात हरकत आली नाही तर मंजूर. सोमवार, मंगळवार, कुणी खाकरलं नाही. रविवारी संध्याकाळी मुदत संपणार, आणि दुपारी मी पडद्याला नाक लावून एकच शब्द टाईप केला: हरकत.

हाहाकार! वेन्लाचा फोन, "हिल्क्काताई, तुम्हीच तर सांगितलंत! आता तुम्हीच आडव्या पडताय? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" बाकीच्यांनी मनात म्हटलं असेल, म्हातारीचा पीळ गेला नाही. मी त्यांना सांगितलं की नियमाला माझी हरकत नाही, नियम सोळा आणे बरोबर आहे. पण तो ज्या बाईचा आहे तिला कुणी विचारलेलं नाही. तिची नावं मी एकदा तिला न विचारता काढली. तिला न विचारता परत घातली तर मी शिकले काय? वेन्ला गप्प झाली, आणि तिचं गप्प होणं म्हणजे काय ते तू ओळखत नाहीस, सोन्याच्या भावाचं असतं. मग म्हणाली, "बरं. पंधरा तारखेपर्यंत थांबते. तोवर विचारा."

तर आता विचारते, आणि हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. माफी मागते, ती वेगळी. ती तू दे किंवा देऊ नकोस, मी मागितलेली राहील. पण शनिवारी दुपारी एक वाजता, आइमोच्या वेळेला, मी बैठकीतून तुला फोन करणार आहे. नंबर मला पाठ आहे, त्याला डोळे लागत नाहीत. वेन्लाची यादी मी तोंडपाठ करतेय, एकशे सत्तर झालीत. मी एकेक नाव सांगीन, तू पेन घेऊन बस, आणि जे तुला पहिल्या फटक्यात लिहिता येणार नाही ते आम्ही पाडू. पहिलं कुठलं ते तुला सांगायला नको. हे तुला नको असेल तर "नाही" म्हण, तेही चालेल, मी बैठकीत उभी राहून "नाही" सांगीन आणि कुणाला एक शब्द बोलू देणार नाही. पण तोंडाने म्हण, इर्मेली. यावेळी तुझ्या गप्प राहण्याला मी काहीच धरणार नाही, हो नाही आणि नाहीसुद्धा नाही. फोन उचललास आणि बोलवलं नाही, तर मी ठेवणार नाही. बैठक थांबेल, सूप निवेल, योर्माला तर त्यात काही वावगंही वाटणार नाही. मी कानाला लावून बसेन, तू काही बोलेपर्यंत.

तुझीच, आणि अजून तितकीच हट्टी,
हिल्क्का